लाल टोपण, नारिंगी टोपण

चि. मृणाल,

परवा फोनवर मी नुसतं 'होतं असं' म्हणालो आणि तू गप्प झालीस. म्हणून हे सविस्तर.

तुझ्या त्या शेतकऱ्याची उपाशीपोटीची साखर २१० आली, तू सकाळचं तीस-सत्तर इन्सुलीन सहा युनिटनं वाढवलंस आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तो बांधावर घामाघूम होऊन बसला. बायकोनं चहाच्या डब्यातली साखर पाण्यातून पाजली म्हणून निभावलं. बाई हुशार, तीन चमचे साखर आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, याहून वेगळं आपणही काही केलं नसतं.

पण उपाशीपोटीच्या साखरेला रात्रीचा डोस जबाबदार, बाळ. सकाळच्या टोचणीतला तीस टक्के साधा भाग न्याहारी सांभाळतो, उरलेला सत्तर टक्के दुपारपासून संध्याकाळपर्यंत चालतो. सकाळच्या डोसचा निकाल रात्रीच्या जेवणाआधीच्या तपासणीत लागतो. तू चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीस. त्यात तो खुरपणीला गेलेला, भाकरी यायला उशीर. आता रात्रीचा डोस वाढवायलाही घाई करू नकोस. पहाटे तीनला एकदा तपासायला सांग. त्या वेळी ७०च्या खाली असेल तर सकाळची २१० बघून वाढवलेलं प्रत्येक युनिट त्याच्या जिवाशी खेळ ठरेल.

दिवसातून एकदाच्या लांब पल्ल्याच्या इन्सुलीनचं गणित त्यामानानं सरळ. दहा युनिट, किंवा वजनाच्या किलोमागे ०.१ ते ०.२, इथून सुरुवात. दर तीन दिवसांनी दोन युनिट, उपाशीपोटी ८० ते १३० येईपर्यंत. आधीच्या डोसचा खरा परिणाम दिसायलाच तेवढे दिवस लागतात, म्हणून तीन. मध्ये साखर लो झाली आणि कारण सापडलं नाही, तर दहा ते वीस टक्के कमी. साठ किलोच्या माणसाला तीस युनिटच्या आसपास पोचलीस की हात आखडता घे आणि जेवणानंतरची साखर बघ. ताटातली साखर रात्रीच्या इन्सुलीननं उतरवू पाहणारे डॉक्टर मी बरेच पाहिलेत. एके काळी मीही त्यातलाच.

वयस्कर, एकटी राहणारी माणसं मात्र या ८०-१३०च्या चौकटीत कोंबू नकोस. त्यांची थोडी वर राहिली तर राहू दे.

आता माझी गोष्ट, घरात कुणाला न सांगितलेली. दवाखाना सुरू करून सात-आठ वर्षं झाली होती. एका आजोबांना मी रात्रीचे वीस युनिट दिले. साखर हलेना. तीस केले, मग चाळीस. साखर तशीच ढिम्म. मी त्यांच्यावरच चिडलो, गोडधोड खाता म्हणालो. ते बिचारे शपथा घेत होते. मग एकदा मुलानं दुसऱ्या दुकानातून सिरिंज आणली आणि त्याच रात्री आजोबा बेशुद्ध. ग्लुकोज चढवल्यावर शुद्धीवर आले तेव्हा मी पहिल्यांदा म्हटलं, बाटली आणि जुनी सिरिंज दाखवा.

बाटली चाळीसची, म्हणजे एका मिलीत चाळीस युनिट. जुनी सिरिंज नारिंगी टोपणाची, शंभरच्या इन्सुलीनसाठीची. तिच्या चाळिसाव्या रेघेपर्यंत औषध भरलं की ०.४ मिली, म्हणजे खरे सोळाच युनिट. नवी सिरिंज लाल टोपणाची, बरोबर होती. त्या रात्री त्यांना पहिल्यांदाच माझे सगळे चाळीस युनिट मिळाले. उलट बाजूनंही हेच घडतं: पेनच्या कार्ट्रिजमधलं शंभरचं औषध कुणी लाल टोपणात ओढलं, तर वीसच्या रेघेला पन्नास युनिट जातात.

तेव्हापासून मी डोसचा आकडा लिहिण्याआधी रुग्णाला समोर बसवून रिकामी सिरिंज भरून दाखवायला सांगतो. मग सदरा वर करायला लावतो. बेंबीशेजारी वर्षानुवर्षं एकाच जागी टोचून गाठी झालेल्या असतात. तिथून इन्सुलीन कधी मुरतं, कधी नाही. टोचायची जागा बदलायला सांगशील तेव्हा डोसही थोडा उतरव, कारण चांगल्या कातडीत तेच युनिट नीट लागू पडतं.

उपवासांचं विचारत जा. एकादशी नि दुप्पट खाशी हा साबुदाण्याचा प्रकार वेगळा आणि दिवसभर पाण्यावर राहणारी आजी वेगळी. दोन्हींना एकच सल्ला चालत नाही.

आणखी एक. काहीही न बदलता साखर आपोआप छान यायला लागली तर खूश होऊ नकोस, क्रिएटिनिन बघ. मूत्रपिंड थकलं की इन्सुलीन शरीरात रेंगाळतं. आमचे एक मास्तर पेढे घेऊन आले होते. पेढे मी ठेवून घेतले, तपासणीला पाठवलं आणि डोस निम्म्याच्या जवळ आणावा लागला.

सोमवारी तो शेतकरी येईल तेव्हा बाटली, सिरिंज आणि वही तिन्ही आणायला सांग. वहीच्या पानाचा फोटो मला पाठव, पहाटे तीनचा आकडा असेल तर आधी तो.

तुझा,
अण्णाकाका