मंगळवारी ताडोबा बंद असतो

ब्रह्मपुरी, डिसेंबर

चि. भाचीस,

तू पाठवलेला तक्ता पाहिला. नाताळच्या सुटीचे चार दिवस, तुम्ही सहा जण, आणि त्यात ताडोब्याच्या तीन सफारी, आनंदवन, हेमलकसा, मार्कंडा, वडशाला रात्रीचं नाटक आणि ‘मामाकडे जेवण, दीड तास’. त्या दीड तासावर मामी काय म्हणाली ते कागदावर उतरवत नाही, समोर आलीस की ऐकजो.

त्याच पत्राच्या शेवटी लिहितेस की वर्षभर धावून जीव शिणला, डोकं जागेवर राहावं म्हणून मोबाईलवर रोज दहा मिनिटं ध्यान लावतेस, आणि इकडे येऊन जरा शांत व्हायचं आहे. बेटा, तक्ता करणारी आणि शेवटच्या ओळी लिहिणारी एकच मुलगी आहे का?

आधी खोडाखोडीचं बोलू. हेमलकसा नकाशावर जवळ वाटतं. चंद्रपूरहून आलापल्लीमार्गे जायला अर्धा दिवस जातो, आणि हल्ली त्या बाजूला सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक भेटतात, ते वेगळे. बाबा आमट्यांनी डिसेंबर १९७३ मध्ये तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा धड रस्ता नव्हता, वीज नव्हती. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे झाडाखाली दवाखाना मांडून बसले, तर माडिया लोक सुरुवातीला फिरकतच नव्हते. विश्वास बसायला फार वेळ गेला. ते सगळं तुम्ही ‘दुपारी २ ते ४’मध्ये बसवलंय. तिथे जायचं तर मुक्कामाने जा, दुसऱ्या दिवशी भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती मिळतात तिथे काठावर बसा. नाहीतर यंदा हेमलकसा सोडा. माझं मत सोडण्याच्या बाजूने आहे.

आता ताडोबा. सोमवार-मंगळवार-बुधवार अशा तीन सफारी लिहिल्यास, पण मंगळवारी ताडोबा बंद असतो. जंगलाला आठवड्याची सुटी आहे, तुला नाही, हे मला मजेशीर वाटलं. तीनच्या जागी एकच करा, सकाळची. जंगलाच्या गाभा क्षेत्रात मोबाईल नेऊ देत नाहीत, यावर तुझी एक मैत्रीण नाराज आहे म्हणतेस. तिला सांग, एवढी मोठी सोय दुसरीकडे पैसे देऊन मिळत नाही.

जिप्सीत बसल्यावर चालकाला ‘वाघ दाखवा’ म्हणू नका. हे मनावर घे, कारण वाघाच्या हट्टाने काय होतं ते आपल्या शेजारीच घडलंय. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर होती आणि दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या गाड्यांनी तिची वाट अडवली. चालक-गाइडांवर निलंबनाची कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. शिक्षा चालकांना झाली हे ठीकच. पण मागच्या सीटवरून ‘अजून थोडं पुढे घ्या’ म्हणणारे कोण होते? तुझ्या-माझ्यासारखेच, वर्षाचा शेवटचा दिवस वसूल करायला आलेले.

तुम्ही चालकाला सांगा, एखाद्या पाणवठ्याजवळ इंजिन बंद करून थांबू या. पहिली पाच मिनिटं कंटाळा येईल, थंडीने बोटं आखडतील. मग कान उघडतात. वानराचं खोकणं, चितळाची शिट्टी आणि सांबराचा दणकट आवाज हे तीन वेगळे ऐकू यायला लागतील. वानर-चितळ कधीकधी उगाच घाबरतात, सांबर सहसा उगाच ओरडत नाही. कुलूच्या झाडाचं पांढरंफेक खोड बघा. मोहर्लीकडून तलावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला ओळीने जुने दगडी खांब उभे आहेत, गोंड राजांच्या काळातले म्हणतात. भरधाव गाडीतून ते मैलाच्या दगडांसारखे निघून जातात. तलावाच्या काठी ताडोबा देवाचं ठाणं आहे. ज्या तारूच्या नावाने हे जंगल ओळखलं जातं, त्याला वाघानेच मारलं अशी आख्यायिका आहे, आणि लोक त्याला देव मानून पौषात जत्रेला यायचे.

एक सावधगिरी. इथून परत गेल्यावर ‘तिकडचं आयुष्य किती संथ’ असं कुठे लिहू नकोस. डिसेंबरात इथे कोणाला उसंत नाही. धानाचे पुंजणे रचलेले, चुरणे चाललेले, खरेदी केंद्रावर काट्यासाठी रांग, बांधीत लाखोळी उगवलेली. शेताच्या वाटेवर वाघाची भीती आहे, ती गोष्टीतली नाही. दरवर्षी या भागात माणसं जातात. म्हणून बाया सरपणाला निघाल्या की घोळक्याने जातात, मोठ्याने बोलत जातात, आणि बोलता बोलता प्रत्येकीचं लक्ष झुडपाकडे असतं. कामाचा वेग काही कमी नसतो. पण पाय जिथे आहे तिथेच मन असतं, कारण नसलं तर भागत नाही. तुझं पाऊल ताडोब्यात आणि मन पुढच्या बुकिंगमध्ये असतं. माझी तक्रार एवढीच आहे, धावण्याबद्दल नाही.

ध्यानाचं ॲप चालू ठेव, मी त्याच्या विरोधात नाही. फक्त जमलं तर चिमूर तालुक्यातल्या गोंदेड्याला एक चक्कर मार. तुकडोजी महाराजांनी तरुणपणी त्या रानात तपश्चर्या केली. पुढे त्यांनी ध्यान गुहेतून काढून गावाच्या चावडीवर आणलं: पहाटे सामुदायिक ध्यान, सांजेला सामुदायिक प्रार्थना. आमच्याकडच्या कितीतरी गावांत ती प्रार्थना अजून होते. शेतातून आलेला माणूस हातपाय धुऊन सतरंजीवर बसतो, शेजारचा खोकतो, पोरं चुळबुळतात, आणि तरी होते. कानात यंत्र खुपसून एकटीने शांत होणं त्या मानाने सोपं.

नाटकाचं. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, प्रयोग गावोगावी होतात. दिवसा शंकरपट असला तर रात्री हमखास नाटक. दहाच्या सुमारास पडदा उघडतो तो उजाडेपर्यंत. परशुराम खुणेंना २०२३ला पद्मश्री मिळाली, ती याच, आमच्याकडच्या झाडीपट्टी रंगभूमीवरच्या कामासाठी. पुण्याचे लोक ‘अर्धं बघून निघू’ म्हणतात. तसं करायचं असेल तर जाऊच नका. बायाबापड्या चादर पांघरून, मांडीवर पोर झोपवून पूर्ण रात्र बसतात. गाणं आवडलं तर पुन्हा म्हणायला लावतात आणि नट म्हणतो.

मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपा. त्या दिवशी तक्त्यात काहीही लिहू नकोस.

हे सगळं तुझ्या पाच मित्रमैत्रिणींना पटेल का, ठाऊक नाही. धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेत एकाला जरी पटलं नाही तर निर्णय पुढे ढकलतात, हात वर करून बहुमत मोजत नाहीत. तुमच्या ग्रुपवर अंगठे मोजून तक्ता झालाय असं दिसतं. पुन्हा एकदा विचार, विशेषतः जी गप्प आहे तिला.

स्वेटर दोन आण, पहाटेच्या उघड्या गाडीत एकाने भागत नाही. मामीने वांगी-वाल आणि लाखोळीच्या कोवळ्या भाजीचा बेत ठरवलाय, आणि जेवण दीड तासात आटोपणार नाही. चंद्रपूरला उतरलीस की फोन कर, गाडी पाठवतो. तुझ्या आईला नमस्कार.

तुझा
मामा