ईजीआर झडप बंद करू नये

डिझेल मोटारीच्या इंजिनातून निघणाऱ्या धुराचा काही अंश पुन्हा आत घेणाऱ्या यंत्रणेस ‘ईजीआर’ म्हणतात. या वायूत प्राणवायू कमी असल्याने ज्वलनाचे तापमान उतरते व नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे कमी निर्माण होतात. कालांतराने काजळी साचून झडप अडकते, गाडी ओढ घेईनाशी होते. मग गॅरेजमध्ये पत्र्याची चकती बसवून तो मार्गच बंद केला जातो. गाडी बरी धावते, धूरही कमी दिसतो, आणि मालकास मिस्त्री हुशार वाटू लागतो!

खरी मेख येथेच आहे. डिझेल वाहनाच्या पीयूसी तपासणीत धुराची घनता मोजतात. ही ऑक्साइडे मोजली जात नाहीत. प्रमाणपत्र मिळते, परंतु डोळ्यांस न दिसणारा, श्वसनमार्गाचा दाह करणारा वायू वाढलेला असतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाने डिझेल मोटारींसाठी त्याची मर्यादा दर किलोमीटरला २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आणली आहे.

प्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालविल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९०(२) अन्वये पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वस्तुतः झडप उतरवून, काजळी साफ करून बहुधा तीच पुन्हा बसविता येते.