एक्सोसोमची आशा खरी, पण इंजेक्शनची घाई नको

व्हॅस्क्युलर डिमेन्शियात विसरभोळेपणाच्या आधी बऱ्याचदा विचारांची गती मंदावते. किराण्याच्या बिलाची बेरीज जमत नाही, चहाचं आधण ठेवलं की पुढे काय करायचं ते सुचत नाही. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने किंवा पक्षाघातामुळे पेशींना रक्त कमी पडतं, म्हणून हे घडतं. गेलेली स्मृती परत आणणारं औषध आज नाही. अशा वेळी मूलपेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुटिकांकडे, म्हणजे एक्सोसोमकडे, लोक आशेने पाहतात. ती आशा निराधार नाही. सुमारे ३० ते १५० नॅनोमीटरच्या या पुटिकांत प्रथिनं आणि मायक्रो-आरएनए असतात. मेंदूचा रक्तपुरवठा मुद्दाम कमी केलेल्या उंदरांत त्यांनी दाह कमी केला आणि स्मरणशक्ती सुधारली, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. पण त्या तरुण उंदरांना ना वर्षानुवर्षांचा मधुमेह असतो, ना सत्तरीतल्या कडक झालेल्या धमन्या.

‘माणसांवरही प्रयोग झालेत ना?’ असं कुणी विचारेल. शांघायमध्ये नाकावाटे एक्सोसोम दिले गेले, पण अल्झायमरच्या अवघ्या ९ रुग्णांना. एवढ्याशा चाचणीतून सुरक्षिततेचा प्राथमिक अंदाज येतो, गुण येतो की नाही हे ठरत नाही. ‘दुसरा उपाय नाही, मग करून पाहायला काय हरकत आहे?’ हा प्रश्न जास्त कळकळीचा आहे. हरकत आहे, कारण अप्रमाणित उत्पादनाने इजाही होते. नेब्रास्कात अशा उत्पादनांनंतर रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

शिवाय दुसरा उपाय नाही, हेही पूर्ण खरं नाही. ‘स्प्रिंट माइंड’ या ९,३६१ जणांच्या अभ्यासात वरचं बीपी १२० च्या खाली ठेवण्याचं उद्दिष्ट असलेल्या गटात, १४० च्या उद्दिष्टाच्या तुलनेत, सौम्य बौद्धिक घट १९ टक्क्यांनी कमी आढळली. डिमेन्शियाबाबतचा फरक मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही. तुमचं उद्दिष्ट किती असावं, हे वय आणि चक्कर येण्याचा धोका पाहून डॉक्टरांनाच ठरवू द्या. बीपी आणि साखरेच्या गोळ्या चुकवू नका, तंबाखू सोडा, रोज चाला. आणि कुणी पैसे घेऊन एक्सोसोम देऊ केले, तर आधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियातला नोंदणी क्रमांक मागा. तो मिळाला नाही, तर सरळ नकार द्या.