आंब्यातील अळी आणि तिची वैरीण

मे महिना सरत आला की काळाचौकी, लालबाग आणि परळ या भागांत घरोघरी आंब्याच्या पेट्या येऊन पडतात. येथील पुष्कळ कुटुंबांचे मूळ गाव रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यात. गिरण्यांचे भोंगे थांबून कित्येक वर्षे लोटली, जुन्या चाळींपैकी अनेकांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. पण उन्हाळ्यात गावी जावे आणि परतताना पेंढ्यात रचलेली आंब्याची पेटी आणावी, ही चाल काही मोडलेली नाही. या पेटीत एखादे फळ असे निघते की, वरून ते सोन्यासारखे पिवळेधमक दिसते, त्याचा वासही घरभर दरवळतो, परंतु सुरी फिरवताच आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. वडीलधारी माणसे ते फळ मुकाट्याने बाजूला सारतात आणि आता पाऊस जवळ आला, आंबा संपला, असे म्हणतात.

त्यांचे म्हणणे अनुभवाचे आहे. हंगामाच्या आरंभी उतरवलेल्या आंब्यात अळी सहसा नसते. वळवाच्या सरी पडू लागल्या म्हणजे तिचे प्रमाण वाढते. मात्र फळ कुजले म्हणून अळी आपोआप झाली, ही समजूत खरी नव्हे. हापूस आंब्यात कधीकधी गराचा काही भाग पांढरट व आंबट होतो. त्याला साका म्हणतात आणि त्याच्याशी कोणत्याही किड्याचा संबंध नसतो. अळीची गोष्ट निराळी. ती अंड्यातून निघालेली असते, आणि ते अंडे फळ झाडावर असतानाच सालीखाली ठेवले गेलेले असते. ठेवणारी असते फळमाशी.

पिकल्या केळ्यांभोवती घरात जी बारीक चिलटे घोंगावतात, त्यांनाही काही लोक फळमाशी म्हणतात. ती चिलटे कुजू लागलेल्या फळावर येतात व शेतकऱ्याचे फारसे बिघडवीत नाहीत. आंब्याची फळमाशी सुमारे घरमाशीएवढी, तपकिरी, छातीवर पिवळे पट्टे असलेली आणि पारदर्शक पंखांची असते. शास्त्रज्ञ तिला बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस म्हणतात. मादीच्या पोटाच्या टोकाला सुईसारखी नळी असते. ती पाडाला आलेल्या फळाच्या सालीत खुपसून ती अंडी घालते. एक मादी आपल्या आयुष्यात हजाराहून अधिक अंडी घालू शकते. दोन-एक दिवसांत अळ्या बाहेर पडतात, गर खात आत शिरतात आणि पुऱ्या वाढल्या की फळाबाहेर येऊन जमिनीत कोश करतात. कोशातून पुढे नवी माशी निघते.

या माशीचे सारे बळ तिच्या लपण्यात आहे. अंडे सालीच्या आड, अळी गराच्या आत आणि कोश मातीखाली; तेव्हा झाडावर मारलेले औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. उघड्यावर सापडते ती फक्त पूर्ण वाढलेली माशी. म्हणून तिच्यासाठी सापळा योजतात. बिहारमधील पुसा येथील कृषिसंस्थेत काम करणारे कीटकशास्त्रज्ञ हाउलेट यांना असे आढळले की, सिट्रोनेला नावाच्या गवताच्या तेलाकडे फळमाश्या धावतात, आणि त्यांत सगळे नरच असतात. हे त्यांनी १९१२ साली प्रसिद्ध केले. पुढे हा गुण मिथाइल युजेनॉल या द्रव्याचा असल्याचे ठरले. आपल्या तुळशीतही ते असते. कोकणातील बागांत आज टांगलेले दिसणारे ‘रक्षक’ सापळे, जे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने प्रचारात आणले, ते याच द्रव्यावर चालतात. नर मेले म्हणजे माद्यांची अंडी फळत नाहीत. तथापि शेजारच्या बागेत सापळा नसेल, तर तेथून फळलेली मादी येते आणि आपले काम करून जाते. एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या सापळ्याला म्हणूनच मर्यादित यश येते.

निसर्गाने मात्र या माशीमागे एक वैरीण लावून दिली आहे. तिची रीत समजण्यासाठी आपल्याकडील एका जुन्या दाखल्याची मदत होते. कुंभारीण नावाची गांधीलमाशी भिंतीवर किंवा खिडकीच्या चौकटीत मातीचे इवलेसे घर बांधते. नांगी मारून निश्चेष्ट केलेली अळी ती त्यात आणून ठेवते आणि वरून माती लिंपून घर बंद करते. काही दिवसांनी ते घर फुटते, पण बाहेर अळी येत नाही. नवी कुंभारीण येते. हे पाहून पूर्वजांनी असा तर्क केला की, कुंभारणीचे अखंड चिंतन करता करता अळीच कुंभारीण झाली. हाच कीटकभृंगन्याय. जीव ब्रह्मरूप कसा होतो, हे समजावताना संतांनी आणि वेदान्त्यांनी त्याचा उपयोग वारंवार केला आहे. दाखला म्हणून तो सुंदरच आहे. आणि निरीक्षणही खोटे नव्हते, कारण अळी आत गेली व कुंभारीण बाहेर आली, एवढे खरेच घडले होते. मधली गोष्ट तेवढी कोणाला दिसली नव्हती. त्या घरात अळीबरोबर कुंभारणीने एक अंडेही ठेवलेले असते, आणि त्यातून निघालेले पिल्लू अळीला खाऊन मोठे होते.

फळमाशीच्या बाबतीत हाच प्रकार याहूनही गुप्तपणे चालतो. फोपियस अरिसॅनस ही चार-पाच मिलिमीटर लांबीची परोपजीवी गांधीलमाशी मूळची दक्षिण व आग्नेय आशियातील. भारतातही ती आढळते. ती माणसाला दंश करीत नाही, मातीचे घर बांधीत नाही, की अळी उचलूनही नेत नाही. फळावर चालत, लांब मिशांनी हुंगत, ती फळमाशीने टोचलेली जागा शोधते. आपली केसासारखी बारीक नळी ती त्या जागी खुपसते आणि सालीखाली असलेल्या माशीच्या अंड्यातच आपले अंडे घालते. अंड्यात अंडे! माशीची अळी यथाकाळ जन्मते, खाते, वाढते आणि मातीत शिरून कोशही करते. आपल्या पोटात कोणी वाढत आहे याची बाहेरून खूण नसते. कोश पुरा झाल्यावर आतील पाहुणा यजमानाला संपवतो, आणि कोशाला भोक पाडून माशीऐवजी गांधीलमाशी बाहेर पडते. एका कोशातून एकच.

यातील निम्मा भाग शहरातील खोलीतही पाहता येतो. अळी लागलेला आंबा फेकून न देता काचेच्या बरणीत दोन बोटे ओलसर वाळू घालून तीवर ठेवावा आणि तोंडाला मलमलीचे फडके घट्ट बांधावे. वाढलेल्या अळ्या फळातून बाहेर येतात, शरीराची कमान करून टुणटुण उड्या मारतात व वाळूत दडतात. पुढे तांदळाच्या दाण्याएवढे तपकिरी कोश सापडतात. बहुतेकांतून आठवड्या-दीड आठवड्याने माश्याच निघतील. एखाद्या कोशातून आणखी काही दिवसांनी बारीक कमरेचा, लांब मिशांचा कीटक निघाला, तर पाहणाऱ्याचे भाग्यच म्हणावयाचे. माश्या मात्र मोकळ्या सोडू नयेत.

या कीटकाची थोरवी जगाला कळली ती हवाई बेटांवर. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास आंब्याची ही फळमाशी तेथे पोहोचली. तिचे शत्रू मागे आशियात राहिले होते. त्यामुळे ती बेसुमार वाढली आणि आंबे, पेरू, पपया यांचा नाश होऊ लागला. तेव्हा शास्त्रज्ञांनी माशीच्या मूळ प्रदेशात तिचे शत्रू शोधले आणि विशेषतः मलायातून तिचे कोश विमानाने हवाईला नेले. १९४८ पासून अनेक जातींच्या परोपजीवी गांधीलमाश्या तेथे सोडण्यात आल्या. आधी एका जातीने जम बसवला, मग तिला मागे सारून दुसरीने. आणि १९५० च्या सुमारास या दोघींनाही हटवून तिसरीच पुढे आली. आरंभी ती दुसऱ्याच जातीत मोजली गेली होती. हीच फोपियस अरिसॅनस. तिच्या विजयाचे कारण साधे होते. इतर जाती वाढत्या अळीला गाठतात. पण आंब्यासारख्या मोठ्या फळात अळी गरात खोल गेली की, त्यांची नळी तेथवर पोहोचत नाही. अंडे मात्र सालीलगतच असते. जी आधी पोहोचली, तिचे पिल्लू जगले. हवाईतून हीच गांधीलमाशी २००२ साली ताहितीला नेण्यात आली, आणि केनियात २००३ मध्ये ही फळमाशी आढळल्यानंतर काही वर्षांतच आफ्रिकेतही नेण्यात आली.

इतके ऐकल्यावर वाटेल की, कोकणातील बागांत अशा गांधीलमाश्या मोठ्या संख्येने सोडल्या म्हणजे काम झाले. पण येथे एक अडचण आहे, आणि ती लपवणे योग्य नव्हे. ज्या आंब्यातील अंड्यात गांधीलमाशीने आपले अंडे घातले, तो आंबा वाचत नाही. अळी मरते ती कोशात गेल्यावर. तोवर तिने गर खाऊन टाकलेला असतो. वाचतात ती पुढची फळे, न जन्मलेल्या माश्यांनी जी टोचली असती ती. पपईवरील पिठ्या ढेकणाचे उदाहरण याच्या उलट आहे. २००८ साली कोइमतूरला दिसलेली ही कीड महाराष्ट्रातही पसरली. २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून आणलेल्या परोपजीवी गांधीलमाश्या बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने वाढवून सोडल्या, पुणे भागातही त्या सोडल्या गेल्या, आणि थोड्याच काळात कीड आटोक्यात आली. झाडावर काही ढेकूण उरले, तरी पपई विकली जाते. आंब्यात एक अळीही चालत नाही.

परदेशी बाजारात तर मुळीच नाही. २०१३ साली भारतातून गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी सापडल्या, म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा व चार भाज्या यांच्यावर बंदी घातली. हंगाम ऐन भरात होता. बाहेर जाणारा हापूस एकाएकी देशातल्या बाजारात उतरला. शहरातील ग्राहकाला त्याचा आनंद झाला असेल, बागायतदाराला नव्हे. आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभी उठली. युरोपसाठी आंबा ४८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात एक तास ठेवण्याची पद्धत आहे. अशा उष्णतेत अंडी व अळ्या मरतात. एवढी कडक अट गांधीलमाशी एकटी कधीच पुरी करू शकणार नाही. तिचे काम बागेत माश्यांची संख्या खाली ठेवण्याचे. मग सापळ्यांना व इतर उपायांना पेलेल एवढेच ओझे उरते.

त्या कामात माणूस तिला मदत करू शकतो, किंवा नकळत तिचा घातही करू शकतो. अंदाधुंद फवारणीत माशीबरोबर तीही मरते. गळून पडलेली फळे झाडाखाली तशीच राहू दिली, तर त्यांतून माश्यांची नवी पिढी निघते. म्हणून ती वेचून खोल पुरावीत असा सल्ला देतात. सल्ला चांगला आहे, परंतु त्या खड्ड्यात माशीच्या कोशांबरोबर गांधीलमाश्याही गाडल्या जातात. हवाईत यावर एक तोड निघाली. गळलेली फळे तंबूसारख्या बंद पिशवीत टाकतात आणि तिच्या माथ्यावर बारीक जाळी बसवतात. जाळीची भोके अशी मोजून ठेवलेली असतात की, माशीचे धड त्यांतून जात नाही, गांधीलमाशीचे जाते. माश्या आत जन्मतात आणि आतच मरतात. गांधीलमाश्या मात्र जाळीतून निसटून पुन्हा झाडांकडे जातात. आणि आंब्याचा हंगाम उलटला असेल, तर जवळपासच्या पेरूच्या झाडावर, कारण फळमाशीही तोवर तेथेच गेलेली असते.