जुनीं ज्ञानप्रसारक मासिकें व बातमीची पारख

छापील अक्षर दिसलें कीं तें खरें मानण्याची आपल्या लोकांस संवय आहे. अमुक बियाण्यानें दुप्पट पीक आलें असें वाचून एखादा शेतकरी दहा एकरांत तेंच पेरतो. फसल्यास लिहिणाऱ्याचें कांहीं जात नाहीं. शेतकऱ्याचा हंगाम मात्र जातो. याकरितां शास्त्रीय मजकूर कसा वाचावा, याचा धडा जुन्या मासिकांवरून घेणें योग्य होय.

मराठींतील पहिलें मासिक 'दिग्दर्शन' बाळशास्त्री जांभेकर यांनीं 1840 सालीं मुंबईस काढलें व त्यांत शास्त्रीय विषयांस जागा दिली. 1850 सालीं 'मराठी ज्ञानप्रसारक' निघालें. तें 1848 सालीं स्थापन झालेल्या सभेचें असून, सभेंत वाचलेले निबंध त्यांत येत. म्हणजे असे लेख छापण्यापूर्वीं जाणत्यांच्या कानांवरून गेलेले असत. 1928 सालीं पुण्यास 'सृष्टिज्ञान' हें विज्ञानासच वाहिलेलें मासिक सुरू झालें. आरंभीच्या मासिकांतील बराच मजकूर इंग्रजी ग्रंथांच्या आधारें लिहिलेला असे. तो पडताळून पाहण्याचें साधन वाचकाजवळ नव्हतें.

परंतु नुसता आधार दिल्यानें मजकूर खरा ठरत नाहीं. 1835 सालीं न्यूयॉर्कच्या 'सन' पत्रानें चंद्रावर पंख असलेलीं माणसें दिसल्याचें छापलें. शोध ज्योतिषी जॉन हर्शेल यांच्या नांवावर घातला व एडिंबरोच्या एका शास्त्रीय नियतकालिकाचा हवाला दिला. तें नियतकालिक आधींच बंद पडलें होतें, आणि हर्शेल यांनीं असें कांहींच पाहिलें नव्हतें.

याच्या उलट इंग्लंडांतील रोथॅमस्टेडचें उदाहरण घ्या. तेथें 1843 सालापासून एकाच शेतांत गव्हास निरनिराळीं खतें देऊन पाहतात, आणि एका पट्ट्यास मुळींच खत देत नाहींत. 'जास्त पीक' असें लिहावयाचें तर कशाहून जास्त, हें दाखविणारा पट्टा शेजारीं असावा लागतो.

आपल्या वऱ्हाडांतील कापसाचेंच पहा. विसाव्या शतकाच्या आरंभीं रोझियम जात पसरली. तिचा रुईचा उतारा शेंकडा 40च्या सुमारास, पण धागा आंखूड. बारीक सुतास ती निरुपयोगी. केवळ उतारा सांगणारा लेख खोटा नव्हे, पण अपुरा होय.

आमची उमर महसूल खात्यांत गेली. तेथें भूमापन क्रमांक, क्षेत्र व पीक यांवांचून पाहणीची नोंद पुरी होत नाहीं. शेतकीच्या लेखासही हाच नियम लावावा. वाचतांना पुढील प्रश्न विचारावे:

1. प्रयोग कोणीं, कोणत्या गांवीं, कोणत्या सालीं केला?
2. जमीन भारी कीं हलकी? पाऊस किती? क्षेत्र किती?
3. शेजारीं जुनें बियाणें त्याच दिवशीं पेरलें होतें काय?
4. प्रयोग किती हंगाम चालला?
5. खर्च वजा जातां काय उरलें?
6. लिहिणारा तेंच बियाणें विकतो काय?

उत्तर न मिळाल्यास सारें शेत त्यावर टाकूं नये. चार तासें पेरून पहावीं, व अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत चौकशी करावी. मग जें आलें तें, फसलें असलें तरी, आंकड्यांसह या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावें. म्हणजे दुसऱ्या गांवच्या शेतकऱ्याचा हंगाम वांचेल.