टकटक होते, पण गीझर पेटत नाही

प्रश्न : नळ उघडला की गॅस गीझरची टकटक ऐकू येते, ज्योत मात्र लागत नाही. सिलिंडर भरलेला आहे. दोष कुठे असेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बऱ्याचदा गुन्हेगार निघतो तो दीड व्होल्टचा सेल. गीझरमध्ये असे दोन सेल असतात; ते उतरले की ठिणगी दुबळी पडते आणि गॅसचा व्हॉल्व्हही नीट उघडत नाही. दोन्ही सेल एकदमच बदलावेत.

टकटकच होत नसेल, तर पाण्याकडे पाहावे. वाहत्या पाण्याच्या दाबाने आतला पडदा सरकतो, तेव्हाच ठिणगी सुरू होते. सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकी जेमतेम डोक्यावर असलेल्या घरात हा दाब अपुरा पडतो. बोअरचे जड पाणी असेल तर पाणी आत येते तिथली जाळी क्षाराने बुजते. पाणी बंद करून ती काढावी, जुन्या टूथब्रशने घासावी. पाच-दहा मिनिटांचे काम, त्यासाठी मेकॅनिकची वाट कशाला पाहायची?

ज्योत पिवळी, काजळी धरणारी दिसली तर मात्र स्वतः खोलू नये. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरात त्याने जीव घेतले आहेत. गीझर बाथरूममध्येच असेल, तर सेल बदलण्याआधी तो बाहेर, हवेशीर जागी बसवून घ्यावा.