डोक्याला मार लागल्यानंतरचा महिना

डोक्याला मार लागलेलं मूल दोन दिवसांनी वर्गात येतं. जखम दिसत नाही, म्हणून आपण समजतो, बरं झालं! पण मेंदूला बसलेला हादरा, म्हणजे कन्कशन, बाहेरून दिसत नाही.

कॅनडातील ९ बालरुग्णालयांत ५ ते १८ वयोगटातील सुमारे ३००० मुलांचा अभ्यास झाला (२०१६). जवळपास ३० टक्के मुलांना २८ दिवसांनंतरही त्रास होता.

धोका कोणाला जास्त?
१) मुलींना
२) १३ वर्षे व पुढील मुलांना
३) मायग्रेन असणाऱ्यांना
४) आधीच्या कन्कशनचा त्रास आठवड्याहून जास्त टिकलेल्यांना
५) सुरुवातीलाच डोकेदुखी, थकवा, आवाजाचा त्रास, तोल जाणे, सावकाश उत्तर देणे ही लक्षणे असणाऱ्यांना

म्हणून मार लागलेलं मूल उत्तराला वेळ लावत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. पालकांशी बोला, डॉक्टरांना दाखवायला सांगा.